सुट्ट्यांचे पंचांग आणि जगाचा व्यापार
(व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



२३ मार्च २०२१ रोजी सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' नावाचे अवाढव्य कंटेनर जहाज आडवे होऊन रुतले. सहा दिवसांनी, २९ मार्चला ते मोकळे झाले. तेवढ्या अवधीत चारशेहून अधिक जहाजे कालव्याच्या दोन्ही तोंडांशी खोळंबली. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्यावर अग्रलेख लिहिले आणि विम्याचे दावे पुढे अनेक महिने चालले. सहा दिवस एक वाट बंद राहिली, तर त्याचा एवढा गाजावाजा झाला.

याउलट दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस अथवा फेब्रुवारीत, जगातील सर्वांत मोठ्या उत्पादक देशाचे, म्हणजे चीनचे, बहुतेक कारखाने आठ-नऊ दिवस आणि प्रत्यक्षात त्याहूनही अधिक काळ बंद असतात. त्याची कोठे ठळक बातमी होत नाही. त्याचे कारण सरळ आहे. पहिली घटना अकस्मात घडली. दुसरी महिनोन्‌महिने आधी जाहीर झालेली असते.

तरीही एक प्रश्न उरतोच. जी गोष्ट इतकी आधी ठाऊक असते, तिच्यात अनुभवी व्यापारी आणि उद्योजक वर्षानुवर्षे का फसतात? माल वेळेवर का येत नाही, यंत्रे का थांबतात, बँकेतून कागदपत्रे परत का येतात? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

एक जग, अनेक पंचांगे

पुरवठा साखळी हा शब्द आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. कच्चा माल, कारखाना, गोदाम, बंदर, जहाज, सीमाशुल्क, बँक आणि अखेर ग्राहक अशा कड्या एकमेकींत गुंफल्या की ती साखळी तयार होते. यातील प्रत्येक कडी कोणत्या ना कोणत्या देशात असते, आणि प्रत्येक देशाची कालगणना निराळी असते.

काही देशांचे बहुतेक सण इंग्रजी तारखांना बांधलेले आहेत. जपानमध्ये २९ एप्रिल, ३ मे, ४ मे आणि ५ मे या राष्ट्रीय सुट्ट्या लागोपाठ येतात व त्यांतून तेथील 'गोल्डन वीक' तयार होतो. तो दरवर्षी त्याच सुमारास येणार, हे निश्चित असते. तरीही २०१९ मध्ये नवे सम्राट १ मे रोजी गादीवर आले, तेव्हा विशेष कायद्याने सुट्ट्या जोडून २७ एप्रिल ते ६ मे अशी सलग दहा दिवसांची सुट्टी झाली.

चीनचा वसंतोत्सव हा चांद्र-सौर कालगणनेवर चालतो. मराठी श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. भारतीय पंचांगाप्रमाणेच तेथेही चंद्राचे महिने सूर्याच्या वर्षाशी जुळवण्यासाठी अधिक महिना धरला जातो. म्हणूनच दिवाळी जशी कधी ऑक्टोबरच्या मध्याकडे तर कधी नोव्हेंबरच्या मध्याकडे सरकते, तसे चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान फिरते. २०२३ मध्ये ते २२ जानेवारीला होते, २०२४ मध्ये १० फेब्रुवारीला, २०२५ मध्ये २९ जानेवारीला आणि २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला. मागील वर्षाच्या तारखा पाहून जो या वर्षाची मागणी नोंदवतो, तो दोन-तीन आठवड्यांनी चुकतो.

इस्लामी वर्ष शुद्ध चांद्र आहे. ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. शिवाय अनेक देशांत ईदचा दिवस चंद्रदर्शनावर ठरतो. २०२४ मध्ये ईद-उल-फित्र सौदी अरेबियात १० एप्रिलला, तर भारतात ११ एप्रिलला झाली. २०२५ मध्ये ती तेथे ३० मार्चला आणि येथे ३१ मार्चला साजरी झाली. आदल्या संध्याकाळपर्यंत दिवस निश्चित नसतो, हे ध्यानी ठेवूनच तेथील व्यवहार आखावे लागतात.

साप्ताहिक सुट्टीचेही तसेच. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये आपली साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आणली. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शासकीय कामकाजासाठी शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम अशी व्यवस्था स्वीकारली. रियाधशी व्यवहार करणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्याने हिशेब मांडला, तर दोन्हीकडची कार्यालये पूर्ण वेळ उघडी असलेले दिवस आठवड्यात चारच उरतात : सोमवार ते गुरुवार.

एकाच देशातही सुट्ट्या एकसारख्या नसतात. जर्मनीत बहुतेक सार्वजनिक सुट्ट्या त्या त्या राज्याच्या कायद्याने ठरतात. ६ जानेवारीला म्युनिक आणि श्टुटगार्ट बंद असतात, पण त्याच दिवशी हॅम्बर्ग बंदराच्या शहरात नेहमीसारखे काम चालते. भारतातही १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खाली राज्ये सुट्ट्या जाहीर करतात. त्यामुळे मुंबईच्या बँका गुढीपाडव्याला बंद असल्या तरी तो दिवस देशभरातील बँकांच्या सुट्टीचा नसतो. २०२४ मध्ये तर लक्ष्मीपूजन काही ठिकाणी ३१ ऑक्टोबरला आणि काही ठिकाणी १ नोव्हेंबरला झाले. परदेशी ग्राहकाने 'भारताची दिवाळी कधी?' असे विचारले, तर त्या वर्षी त्याला एकच तारीख सांगणे कठीण होते.

सुट्टी ऐन वेळी बदलते असाही अनुभव आहे. २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. मिरवणुकांची अडचण होऊ नये म्हणून मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत ईद-ए-मिलादची ५ सप्टेंबरची सुट्टी ८ सप्टेंबरला हलवण्यात आली. सामाजिक सलोख्याच्या दृष्टीने हा निर्णय स्तुत्यच होय. परंतु ज्याने ८ तारखेला बँकेत कागदपत्रे सादर करण्याचे योजले होते, त्याला आपला बेत तातडीने बदलावा लागला.

वसंतोत्सवाचा जमाखर्च

आता एका उदाहरणाने हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. चीनचे शासन पुढील वर्षाच्या सुट्ट्या साधारणतः नोव्हेंबरच्या सुमारास जाहीर करते. २०२६ सालासाठी वसंतोत्सवाची सुट्टी १५ ते २३ फेब्रुवारी अशी नऊ दिवसांची जाहीर झाली आणि तिची भरपाई म्हणून १४ व २८ फेब्रुवारी हे दोन शनिवार कामाचे ठरवण्यात आले. शनिवार-रविवारी काम करून सलग सुट्टी मिळवण्याची ही पद्धत तेथे १९९९ पासून रुळलेली आहे. जो केवळ 'शनिवारी बंद' एवढेच गृहीत धरतो, त्याची येथेही फसगत होते.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा लघुउद्योजक चीनमधून सुटे भाग मागवतो, असे समजा. उत्पादनाला तीस दिवस लागतात. तयार माल बंदरात नेऊन जहाजावर चढायला दहा दिवस, शांघायहून न्हावाशेवापर्यंत सागरी प्रवासाला सुमारे तीन आठवडे आणि सीमाशुल्काचे सोपस्कार व रस्त्याची वाहतूक यांसाठी पाच दिवस धरू. त्याने २० डिसेंबरला मागणी पक्की केली, तर २० जानेवारीपर्यंत माल तयार होईल, ३० जानेवारीला जहाज सुटेल, २० फेब्रुवारीला ते न्हावाशेवाला लागेल आणि २५ फेब्रुवारीला सुटे भाग चाकणला पोहोचतील.

आता हीच मागणी त्याने तीन आठवडे उशिरा, म्हणजे १० जानेवारीला नोंदवली असे धरा. कागदावर माल ९ फेब्रुवारीला तयार व्हायला हवा. प्रत्यक्षात तसे होत नाही. दूरच्या प्रांतांतून आलेले कामगार रेल्वेची तिकिटे मिळतील तसे सुट्टीच्या आठवडाभर आधीच गावी निघतात. जहाज कंपन्यांना पुढे माल कमी मिळणार हे ठाऊक असल्याने त्या काही फेऱ्याच रद्द करतात; तत्पूर्वी मात्र सर्वांचीच घाई असल्यामुळे कंटेनर आणि जहाजावरील जागा यांची टंचाई होऊन भाडे चढते. अर्धवट राहिलेले काम २४ फेब्रुवारीनंतर सुरू होते, पण पूर्ण वेग यायला आणखी आठवडा-दीड आठवडा लागतो. नववर्षानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला तेथे कंदिलांचा उत्सव असतो आणि तो झाल्यावरच अनेकजण परततात. २०२६ मध्ये ही पौर्णिमा ३ मार्चची, म्हणजे महाराष्ट्रात शिमग्याची. अशा रीतीने माल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तयार होतो, जहाजात जागा मिळून २० मार्चच्या आसपास निघतो आणि चाकणला येईतो १५ एप्रिल उजाडते.

मागणी नोंदवण्यात तीन आठवड्यांचा उशीर झाला. माल मिळण्यात सात आठवड्यांचा झाला. मधले चार आठवडे कोणी लांबवले नाहीत. ते दिनदर्शिकेतच होते, फक्त ते वाचले गेले नव्हते. एवढ्यात ३१ मार्च उलटून जातो. माल पुढील आर्थिक वर्षात जमा होतो, आणि ज्या ग्राहकाला फेब्रुवारीअखेरचा शब्द दिला होता, तो दुसऱ्या पुरवठादाराकडे वळलेला असतो. मोठ्या कंपनीला अशा वेळी विमानाने माल मागवणे परवडते. लघुउद्योजकाला ते परवडत नाही. त्याच्याकडे यंत्रे थांबतात आणि रोजंदारीवरच्या कामगारांची हजेरी बुडते. या विषयाची खरी झळ कोणाला लागते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

कागदपत्रांचीही सुट्टी असते

मालाबरोबर कागदही प्रवास करतात, आणि त्यांचे पंचांग वेगळे असते. परदेशी व्यापारात लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे एलसी हे विश्वासाचे साधन आहे. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने केलेली 'यूसीपी ६००' ही नियमावली १ जुलै २००७ पासून अमलात आहे आणि जगभरच्या बँका एलसीचे व्यवहार तिच्याप्रमाणे करतात. तिच्यातील तीन तरतुदी प्रत्येक निर्यातदाराने तोंडपाठ कराव्यात अशा आहेत.

पहिली तरतूद अशी की कागदपत्रे तपासण्यासाठी बँकेला ती सादर झाल्यानंतर जास्तीत जास्त पाच दिवस मिळतात. परंतु हे 'बँकेच्या कामाचे दिवस' असतात आणि ते त्या बँकेच्या ठिकाणचे धरले जातात. दुसरी अशी की मूळ वाहतूक-दस्तऐवज असलेली कागदपत्रे माल चढवल्यानंतर एकवीस दिवसांच्या आत सादर करावी लागतात. हे मात्र दिनदर्शिकेचे दिवस, त्यांत रविवार आणि सण सगळे आले. एका नियमात सुट्ट्या वगळायच्या आणि दुसऱ्यात त्या मोजायच्या, हा भेद विसरला की घोटाळा ठरलेलाच.

तिसरी तरतूद सर्वांत महत्त्वाची. एलसीची मुदत संपण्याचा दिवस बँकेच्या नेहमीच्या सुट्टीवर आला, तर ती मुदत पुढील कामाच्या दिवसापर्यंत आपोआप वाढते. पण माल चढवण्याची अखेरची तारीख अशी वाढत नाही. समजा, ही अखेरची तारीख ३१ ऑक्टोबर २०२४ होती. दिवाळीमुळे मालमोटारींचे चालक गावी गेले, कंटेनर बंदरात पोहोचायला उशीर झाला आणि माल २ नोव्हेंबरला जहाजावर चढला. दोनच दिवसांचा फरक. परंतु कागदपत्रांत तो दोष ठरतो. मग पैसे मिळणे ग्राहकाच्या मर्जीवर अवलंबून राहते. बाजारभाव उतरलेले असतील, तर तोच ग्राहक दोषाचे निमित्त करून किंमत पाडून मागतो. हक्काने मिळायची रक्कम विनवणी करून मागावी लागते.

पैशाच्या प्रवासातही असाच अडसर असतो. भारतात एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र सुरू झाले, हे खरे. पण डॉलरमधील रक्कम सहसा अमेरिकेतील बँकेमार्फत येते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे 'थँक्सगिव्हिंग'च्या दिवशी, त्या बँका बंद असतात. सोलापूरच्या चादर निर्यातदाराने या सणाचे नावही ऐकले नसेल. त्याच्या खात्यात पैसे मात्र त्या सणानंतरच जमा होतात.

नाशवंत मालाला सुट्टी कळत नाही

लोखंडी सुटा भाग थांबू शकतो. द्राक्षाचा घड थांबत नाही. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे शीतकंटेनरमधून न्हावाशेवाहून निघतात आणि बहुतांशी रॉटरडॅम बंदरातून युरोपच्या बाजारात जातात. द्राक्षांचा निर्यात-हंगाम जानेवारी ते एप्रिल. नेमक्या याच काळात युरोपात ईस्टर येतो आणि तोही चंद्राच्या गणितावर फिरणारा. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला आणि २०२६ मध्ये ५ एप्रिलला. जर्मनी आणि इंग्लंडमध्ये त्याच्या आधीचा गुड फ्रायडे आणि नंतरचा सोमवार हे दोन्ही सुट्टीचे असल्याने सलग चार दिवस बाजाराची गती बदलते. सणाच्या आधी दुकाने अधिक माल उचलतात. सणात ती उचल थांबते.

जर्मनीत रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी साडेसात टनांहून जड मालमोटारींना रस्त्यावर बंदी असते. ताजी फळे, भाजीपाला, दूध अशा मालाला तिच्यातून सूट आहे. परंतु मोटार चालली म्हणून गोदामात माल उतरवून घेणारा माणूस हजर असेलच असे नाही. त्यातच डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाज कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून नेण्यास प्रारंभ केला आणि प्रवासात सुमारे दहा ते चौदा दिवसांची भर पडली. ईस्टरच्या आधी पोहोचावी म्हणून निघालेली द्राक्षे ईस्टरनंतर पोहोचली, तर तोच माल, तीच गोडी, पण दर निराळा. वर्षभर छाटणी, फवारणी आणि राखण करणाऱ्या बागायतदाराच्या हाती काय पडेल, हे दूरदेशीच्या एका सणाच्या तारखेवरही अवलंबून असते.

दुसऱ्याच्या दृष्टीने दिवाळी

येथवर परक्या देशांच्या सुट्ट्यांचा विचार झाला. परंतु परदेशी ग्राहकाच्या दृष्टीने दिवाळी हीच 'परक्यांची सुट्टी' असते, याचा विसर पडू नये. याचे ठळक उदाहरण हिऱ्यांच्या व्यवसायात दिसते. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना भारतात पैलू पाडले जातात आणि त्यातले बहुतेक काम सुरतेत होते. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समधून हा माल हाँगकाँग, अँटवर्प, न्यूयॉर्ककडे रवाना होतो.

दिवाळीत सुरतेचे कारखाने सुमारे तीन आठवडे बंद असतात. मोठ्या संख्येने सौराष्ट्रातून आलेले रत्नकलाकार सहकुटुंब गावी जातात. दुसरीकडे अमेरिकेत वर्षअखेरच्या खरेदीचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतो. म्हणजे त्या हंगामाचा माल दिवाळीपूर्वीच तयार व्हायला हवा. २०२३ मध्ये दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. २०२५ मध्ये ती २०-२१ ऑक्टोबरला आली. तीन आठवड्यांचा हा फरक न्यूयॉर्कच्या सराफाच्या दिनदर्शिकेत दिसत नाही. तो त्याला सांगावा लागतो. तो सांगणे ही येथील व्यापाऱ्याची जबाबदारी असते, आणि ज्यांनी ती वेळेवर पार पाडली, त्यांच्यावरचा ग्राहकाचा भरवसा टिकला.

शेजारच्या बांगलादेशाशी असलेल्या व्यापारात तर दोन्हीकडचे सण एकाच फाटकावर भेटतात. पेट्रापोल-बेनापोल या सीमेवरील ठाण्यात दुर्गापूजेच्या दिवसांत आणि ईदच्या दिवसांत मालाची ये-जा थांबते. २०२५ मध्ये बकरी ईदनिमित्त बांगलादेशात ५ ते १४ जून अशी दहा दिवसांची सुट्टी होती. तेथील वस्त्रोद्योग हा भारतीय सुताचा मोठा ग्राहक आहे. सूत पाठवणाऱ्याला दिवाळी आणि ईद ही दोन्ही पंचांगे उघडी ठेवूनच काम करावे लागते.

२०२० चा धडा

सुट्टीचे नियोजन किती जिव्हाळ्याचे असू शकते, हे २०२० मध्ये अवघ्या जगाने अनुभवले. त्या वर्षी चिनी नववर्ष २५ जानेवारीला होते. करोनाच्या साथीमुळे शासनाने सुट्टी प्रथम २ फेब्रुवारीपर्यंत वाढवली. शांघाय, ग्वांगडोंग, जिआंगसू, झेजियांग अशा उद्योगप्रधान भागांत ती ९ फेब्रुवारीपर्यंत लांबली. पुढेही कामगारांना परतणे कठीण झाले. दक्षिण कोरियातील ह्युंदाई कंपनीला फेब्रुवारीच्या प्रारंभीच आपले उत्पादन थांबवावे लागले, कारण चीनहून येणारे विद्युत तारांचे जुडगे येईनासे झाले. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या एका वस्तूवाचून मोटारींचे कारखाने थांबले.

भारतात ही झळ औषधनिर्मितीला जाणवली. येथील औषध कंपन्या मूळ औषधी द्रव्यांसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून होत्या. ३ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने पॅरासिटामॉलसह काही औषधी द्रव्ये आणि त्यांपासून बनणारी औषधे अशा एकूण २६ बाबींच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्याच महिन्यात अशी द्रव्ये देशातच तयार व्हावीत म्हणून प्रोत्साहन योजनाही मंजूर झाली.

या प्रसंगातील एक बाब विशेष मननीय आहे. वसंतोत्सवात माल येणार नाही हे जाणून ज्यांनी चार-सहा आठवड्यांचा जादा साठा आधीच करून ठेवला होता, त्यांना त्या अनपेक्षित संकटात श्वास घ्यायला तेवढा अवधी मिळाला. साथीची कल्पना त्यांनाही नव्हती. त्यांनी केवळ सणाची दखल घेतली होती. ठाऊक असलेल्या अडचणीची जो नीट तयारी करतो, तो ठाऊक नसलेल्या अडचणीसाठीही थोडाफार सज्ज होतो, हे यातून निष्पन्न होते.

मग करावे काय?

प्रथम उपाय अगदी साधा आहे. मराठी घरांत १९७३ पासून 'कालनिर्णय' भिंतीवर लागते आणि त्यात निरनिराळ्या धर्मांचे सण एकाच पानावर पाहायला मिळतात. उद्योगाला अशाच एका संयुक्त दिनदर्शिकेची आवश्यकता असते. तिच्यात उत्पादकाचा देश, वाटेतील बंदरे, दोन्हीकडच्या बँका, ज्या चलनात पैसे यायचे त्या देशाची बँक आणि अंतिम ग्राहक अशा सर्वांच्या सुट्ट्या एकत्र नोंदवलेल्या असाव्यात. ती वर्षातून एकदा तयार करून फाइलीत ठेवणे पुरेसे नाही; शासनाचे फेरबदल होतील तसतशी ती दुरुस्त व्हावी.

दुसरा उपाय म्हणजे दिवस मोजण्याची शिस्त. उत्पादनाचे दिवस कामाच्या दिवसांत मोजावेत, सागरी प्रवासाचे दिनदर्शिकेच्या दिवसांत. जहाज रविवारीही चालते. लेथ चालत नाही. 'पंचेचाळीस दिवसांत माल' असे आश्वासन मिळाले, तर ते कोणते दिवस, हे लेखी विचारून घ्यावे.

तिसरे असे की सुट्टीची सरकारी तारीख आणि कारखान्याची खरी तारीख यांत अंतर असते. 'तुमची अखेरची पाळी कोणत्या दिवशी, आणि सर्व कामगार कधीपर्यंत परततात?' हा प्रश्न पुरवठादाराला दोन महिने आधी विचारावा. सरकारी राजपत्रात हे उत्तर सापडत नाही.

चौथे, साठ्याचा विवेक. भीतीपोटी दुप्पट मागणी नोंदवली, तर पुरवठादार तीच खरी मागणी समजून आणखी कच्चा माल उचलतो, भाडे चढते आणि सणानंतर सर्वांच्याच गोदामांत न खपलेला माल उरतो. भांडवल अडकते, व्याज मात्र चालू राहते. गरजेपुरता साठा, आणि तोही डिसेंबरपासून थोडा थोडा वाढवत केलेला, हा मध्यममार्ग श्रेयस्कर होय.

पाचवे, एलसी आणि करार लिहून घेताना अखेरच्या तारखा सणांच्या आसपास ठेवू नयेत. करार करताना मागून घेतलेल्या आठ दिवसांना काही मोल पडत नाही. नंतर त्याच आठ दिवसांसाठी फार मोठी किंमत मोजावी लागते.

सुट्टीमागचा माणूस

अखेरीस आरंभीच्या प्रश्नाकडे वळावे लागते. ठाऊक असलेल्या गोष्टीत माणूस का फसतो? कारण तो दुसऱ्याची सुट्टी ही अडचण समजतो आणि स्वतःची सुट्टी हा हक्क. जे अडचण म्हणून पाहिले जाते, ते नीट पाहिलेच जात नाही.

चीनमध्ये गाव सोडून कामासाठी बाहेर पडलेल्या कामगारांची संख्या कित्येक कोटी आहे. त्यांतील अनेकांना वर्षातून एकदाच, याच सणात, आईवडील आणि गावी ठेवलेली मुले भेटतात. सुरतेच्या घंटीवर मान खाली घालून बसणारा रत्नकलाकार दिवाळीला अमरेली-भावनगरच्या गाडीत बसतो, तेव्हा त्याच्याही मनात तेच असते. ढाक्याच्या शिवणयंत्रावरची तरुणी ईदला गावाकडच्या बसमध्ये जागा मिळवते, तीही त्याचसाठी. नियोजनाच्या तक्त्यात जी रिकामी चौकट दिसते, तिच्यात कोणाचे तरी घर उजळलेले असते.

ज्या व्यापाऱ्याने हे ओळखले, तो पुरवठादाराला सणाच्या आदल्या रात्री घाई करत नाही. दोन महिने आधी विचारणा करतो. तो कामगारांची सुट्टी कापून माल मागत नाही. सुट्टी धरूनच मागणी नोंदवतो. त्यामुळे समोरच्याचा सण सुखाचा होतो आणि त्याचा स्वतःचा मालही वेळेवर येतो. येथे सौजन्य आणि फायदा यांत विरोध उरत नाही.

पूर्वी पेढीवर दोन वस्तू हमखास असत : एक जमाखर्चाची वही आणि दुसरे पंचांग. आज वहीची जागा संगणकाने घेतली आहे. पंचांगाची गरज मात्र वाढली आहे. कारण आता एका गावाचे पंचांग पुरत नाही, साऱ्या जगाचे उघडावे लागते. ते जो वेळीच उघडतो, त्याचे कोणत्याही सणाने नुकसान होत नाही.